करंजाचे तेल आणि डिझेलचे इंजिन

मराठवाड्याच्या शेतीचा गेल्या साठसत्तर वर्षांचा जमाखर्च कोणी प्रामाणिकपणे मांडू लागला, तर पावसाच्या खालोखाल ज्या एका जिनसेची नोंद त्याला पानोपानी करावी लागेल, ती जिन्नस म्हणजे डिझेल होय. वीज गावोगाव पोहोचण्यापूर्वी विहिरीच्या काठावर धडधडणारे आणि मोटेच्या बैलांना विश्रांती देणारे ऑइल इंजिन, नांगरटीचा ट्रॅक्टर, मळणीयंत्र, बोअर घेणारी गाडी, मोंढ्यात कापूस आणि मका घेऊन येणारे ट्रक, टंचाईच्या दिवसांत वाड्यावस्त्यांवर फिरणारे पाण्याचे टँकर, आणि वीज गेली असता दवाखान्यापासून मंगल कार्यालयापर्यंत सर्वत्र सुरू होणारी जनित्रे, या सर्वांच्या पोटात जळते ते एकच तेल. आणि ते तेल ज्या खनिजापासून निघते त्याचा फार मोठा हिस्सा परदेशातून आणावा लागत असल्याने, दूरच्या समुद्रात कोठे खळबळ उडाली की तिचा चटका कन्नड किंवा पैठण तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या खिशाला बसल्याशिवाय राहत नाही.

छत्रपती संभाजीनगर या शहराचा डिझेलशी असलेला संबंध मात्र ग्राहकापुरता मर्यादित नाही. वाळूज येथे १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, शेंद्रा येथे २००१ पासून स्कोडाच्या मोटारी जुळवल्या जाऊ लागल्या, आणि तीनचाकी मालवाहू गाड्यांना वर्षानुवर्षे चालवणारी एका सिलिंडरची लहान डिझेल इंजिने ग्रीव्ज कॉटन कंपनीच्या येथल्याच कारखान्यांतून बाहेर पडत आली. १९६० साली स्थापन झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, १९८२ पासून चालत आलेले जवाहरलाल नेहरू अभियांत्रिकी महाविद्यालय आणि त्यांच्या मागून उभ्या राहिलेल्या संस्था यांतून यंत्रशास्त्राचे विद्यार्थी दरवर्षी बाहेर पडतात. एका बाजूस इंजिन घडवणारे हात, दुसऱ्या बाजूस ते तपासणारी विद्या आणि भोवताली तेलबियांचा मुलूख, असा योग जेथे जुळून आला आहे तेथे, झाडाच्या बियांतून निघालेल्या तेलावर डिझेलचे इंजिन चालेल काय, आणि चालले तर किती दिवस व कोणत्या अटींवर, हा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. या प्रकरणात त्या प्रश्नाचा आणि त्याचे उत्तर मिळवण्याच्या रीतीचा विचार करावयाचा आहे.

भुईमुगाच्या तेलावरचा पहिला प्रयोग

हा विचार अगदी नवा आहे असे मानण्याचे कारण नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वी करून दाखवले, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात, ऑटो कंपनीने मांडलेले तसे एक लहान इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालले. डिझेलने आपले इंजिन मुळात वनस्पतितेलासाठीच बनवले होते, अशी एक समजूत पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. परंतु ती वस्तुस्थितीला धरून नाही. ते इंजिन खनिज तेलासाठीच बांधलेले होते. आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग विपुल पिकतो, तेव्हा तेथल्या तेलावर तेथलीच यंत्रे चालवता आली तर कोळसा व खनिज तेल पाठवण्याचा खटाटोप वाचेल, असा हिशेब फ्रेंच सरकारने केला आणि त्याच्या सूचनेवरून हा प्रयोग झाला. इंजिनात काहीएक फेरफार न करता ते इतके सुरळीत चालले की, तेल बदलल्याचे फारच थोड्या प्रेक्षकांच्या ध्यानात आले. १९१२ साली या प्रयोगाची हकीकत सांगताना डिझेलने असा अभिप्राय दिला की, वनस्पतितेलांचा हा उपयोग आज क्षुल्लक वाटला तरी कालांतराने खनिज तेलाइतकाच महत्त्वाचा ठरू शकेल. पुढच्याच वर्षी त्याचा अंत झाला, खनिज तेल स्वस्त व मुबलक झाले, आणि इंजिनांची घडणही त्या पातळ तेलाच्या स्वभावाला अनुसरून होत गेली.

मग प्रदर्शनात जे साधले ते शेतावर का साधत नाही? प्रदर्शनातले इंजिन काही तास चालते आणि शेतावरचे इंजिन हजारो तास, हे त्याचे उत्तर. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती आपोआप तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलच्या केसासारख्या बारीक छिद्रांतून तेलाचा फवारा सोडला की तो पेट घेतो. फवारा जितका सूक्ष्म तितके ज्वलन पूर्ण. आता डिझेलचा दाटपणा ४० अंश सेल्सियस तापमानाला दोन ते साडेचार सेंटिस्टोक एवढाच असतो, तर करंजाचे, सरकीचे किंवा भुईमुगाचे कच्चे तेल त्याच तापमानाला तीस ते चाळीस सेंटिस्टोक, म्हणजे सुमारे दहापट दाट असते. असे तेल नोझलमधून बाहेर पडते ते धुक्यासारखे पसरत नाही. त्याचे थेंब मोठे राहतात, अर्धवट जळतात, नोझलच्या तोंडाशी कोळसा धरतात, पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटवतात, आणि न जळलेला अंश लायनरवरून खाली उतरून वंगणाच्या तेलात मिसळतो व त्यालाही घट्ट करतो. प्रारंभीचे काही दिवस मालक खुशीत असतो; पुढे धूर वाढतो, जोर कमी होतो, आणि अखेरीस इंजिन मिस्त्रीकडे न्यावे लागते.

तेलाचे रूपांतर

ही अडचण दूर करण्याचा मार्ग रसायनशास्त्राने दाखवला. ब्रुसेल्स विद्यापीठातील शावान या संशोधकाने १९३७ साली पामतेलाची अल्कोहोलाशी अभिक्रिया घडवून त्यापासून इंधन करण्याच्या रीतीचे बेल्जियन पेटंट घेतले, आणि १९३८ मध्ये त्या इंधनावर ब्रुसेल्स ते लूव्हें या मार्गावर बसही धावली. आज ज्याला बायोडिझेल म्हणतात त्याचे मूळ येथे आहे. वनस्पतितेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरिनच्या एका कण्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या. हा अवजड रेणू फोडून प्रत्येक साखळी मिथेनॉलच्या लहानशा रेणूला बांधली की तीन सुटसुटीत एस्टर तयार होतात आणि ग्लिसरिन वेगळे पडते. शंभर किलो तेलाला साधारण अकरा किलो मिथेनॉल खर्ची पडते आणि सुमारे शंभर किलो बायोडिझेल व दहा-अकरा किलो ग्लिसरिन हाती येते. प्रत्यक्षात मिथेनॉल गरजेच्या दुपटीने घालावे लागते, तेलाच्या सुमारे एक टक्का कॉस्टिक पोटॅश उत्प्रेरक म्हणून वापरतात, तापमान साठ अंशांच्या आसपास राखतात, कारण मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळू लागते. नंतर मिश्रण रात्रभर निवू दिले की जड ग्लिसरिन तळाशी बसते, वरचा थर कोमट पाण्याने धुऊन व सुकवून घेतला की इंधन सिद्ध झाले. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही असल्याने हा उद्योग परसदारी करण्यासारखा नाही, हेही येथेच सांगून ठेवले पाहिजे.

करंजाच्या बाबतीत आणखी एक पायरी वाढते. गोळा केलेल्या बिया ओलसर जागी साठवून ठेवल्या की त्यांच्या तेलातील मेदाम्ले मोकळी होऊ लागतात. त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांच्या वर गेले की पोटॅश घातल्याबरोबर तेलाचा साबण होऊ लागतो आणि सगळा घाणा फुकट जातो. म्हणून अशा तेलावर आधी गंधकाम्लाच्या साहाय्याने मिथेनॉलची प्रक्रिया करून मोकळी मेदाम्ले घटवावी लागतात, आणि मगच मुख्य अभिक्रिया करता येते. इंधनाचा कस प्रयोगशाळेत ठरतो अशी आपली समजूत असली, तरी त्याची पहिली परीक्षा बिया वाळवणाऱ्या खळ्यावरच होऊन गेलेली असते.

कोणत्या झाडाचे तेल?

अमेरिकेने सोयाबीन आणि युरोपाने मोहरीच्या जातीचे रेपसीड या कामी लावले. भारताला तो रस्ता मोकळा नव्हता. कारण खाण्याचे अर्ध्याहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो, आणि ज्या देशाला फोडणीचे तेल आयात करावे लागते त्याने गोडेतेल इंजिनात जाळावे, हा विचारच अव्यवहार्य. सरकी मराठवाड्यात उदंड, परंतु तिचे तेलही स्वयंपाकघरातच जाते. तेव्हा करंज, मोह, कडुनिंब, कोकणच्या किनाऱ्यावरची उंडी आणि मोगली एरंड किंवा चंद्रज्योत म्हणून ओळखला जाणारा जट्रोफा, अशा झाडाझुडपांकडे संशोधकांची दृष्टी वळली.

यांतील जट्रोफाचे नशीब एकदम उजळले. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्लीहून अमृतसरला जाणारी एक जलद गाडी डिझेलात पाच टक्के बायोडिझेल मिसळून चालवण्यात आली. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने एक कोटी बारा लाख हेक्टरांवर जट्रोफा लावण्याची योजना मांडली. २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले. पडीक, खडकाळ, निर्जल जमिनीतही हे झुडूप भरघोस फळते, असे शेतकऱ्यांना सांगण्यात आले. हे सांगणे किती फोल आहे याचा धडा नाशिकच्या वनशेती चळवळीने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातच घेतला होता. तेथे लावलेल्या जट्रोफाने अपेक्षेप्रमाणे उत्पन्न दिले नाही आणि शेतकऱ्यांनी तो उपटून टाकला. तो अनुभव सरकारदरबारी कोणी गांभीर्याने विचारात घेतला नाही, आणि त्याचीच पुनरावृत्ती मोठ्या प्रमाणावर झाली. पाणी व खत न मिळालेले झुडूप जगते खरे. परंतु जगणे निराळे आणि फळणे निराळे.

करंजाची गोष्ट वेगळी आहे. हा वृक्ष आपल्या मुलखात कोणी नव्याने आणलेला नाही. ओढ्याकाठी, रस्त्याच्या दुतर्फा, देवळाच्या आवारात त्याची दाट सावली पूर्वापार आहे, आणि त्याचे कडवट करंजेल दिव्यात जाळण्यास, कातडे कमावण्यास व खरजेवर लावण्यास वापरले जात असे. गुरे त्याला तोंड लावत नाहीत, मुळांवरच्या गाठी हवेतील नायट्रोजन जमिनीत आणतात, आणि तेल काढून उरलेली पेंड जनावरांना चालत नसली तरी उत्तम खत होते. बियांत तेलाचे प्रमाण वजनाच्या सुमारे २७ ते ३९ टक्के असते. गावच्या घाण्यावर त्यातील काही अंश पेंडीतच राहतो, म्हणून चार किलो बियांस एक किलो तेल हा सावध हिशेब धरावा.

कागदावरची परीक्षा आणि बाकावरची परीक्षा

इंधन तयार झाले म्हणजे ते थेट टाकीत ओतायचे नसते. प्रथम त्याला भारतीय मानक आयएस १५६०७ च्या कसोट्यांवर उतरावे लागते. एस्टरांचे प्रमाण किमान ९६.५ टक्के, घनता प्रति घनमीटर ८६० ते ९०० किलो, आम्लांक अर्ध्याहून अधिक नाही, आणि पेट घेण्याची तत्परता सांगणारा सीटेन अंक किमान ५१, अशा या मानकाच्या अटी आहेत. त्यांतील प्रत्येक अट कोणत्या ना कोणत्या अपघाताच्या अनुभवातून आलेली आहे. ग्लिसरिन नीट वेगळे झाले नसेल तर नोझल तुंबते. आम्ल शिल्लक असेल तर पंपाचा धातू झिजतो. धुण्याचे पाणी राहिले तर टाकीत गंज चढतो. ज्या इंधनाचा हा दाखला नाही त्याच्यावर घेतलेल्या इंजिनचाचणीचा निष्कर्ष, तो कितीही सुबक आलेखांत मांडला असला तरी, ग्राह्य धरता येत नाही. कारण नेमके काय तपासले गेले हेच मुळी अज्ञात राहते.

यानंतर येतो तो चाचणीचा बाक. भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत बहुतेक ठिकाणी दिसणारे इंजिन म्हणजे किर्लोस्करांचे एका सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे, चार फटक्यांचे इंजिन होय: सिलिंडरचा व्यास ८७.५ मिलिमीटर, पिस्टनची धाव ११० मिलिमीटर, आकारमान ६६१ घन सेंटिमीटर, मिनिटाला १५०० फेऱ्या आणि शक्ती ५.२ किलोवॉट. शेतकऱ्याच्या विहिरीवर ज्या घराण्याचे इंजिन बसले त्याच घराण्याचे इंजिन विद्यार्थ्याच्या प्रबंधातही येऊन बसावे, यात एक सोय आहे. प्रयोगशाळेतला निष्कर्ष शेतापर्यंत पोहोचण्यास फार लांबचा प्रवास करावा लागत नाही. अशा इंजिनाच्या दांड्याला डायनॅमोमीटर जोडतात, म्हणजे इंजिनावर हवा तेवढा भार टाकून त्याने केलेले काम मोजता येते. सांगलीच्या अपेक्स इनोव्हेशन्ससारख्या कंपन्या असे पूर्ण संच तयार करतात, आणि त्यांत सिलिंडरमधला दाब दांड्याच्या प्रत्येक अंशागणिक टिपून संगणकाला देण्याचीही सोय असते.

चाचणीची रीत वर्णनात सोपी आणि पाळण्यास कठीण आहे. इंजिन आधी शुद्ध डिझेलवर चालवून, थंड करणाऱ्या पाण्याचे तापमान स्थिर झाल्यावर, भार शून्यापासून पूर्णापर्यंत पायरीपायरीने वाढवत प्रत्येक पायरीवर तेलाचा खर्च, आत जाणारी हवा, धुराचे तापमान, धुराची काजळी आणि त्यातील वायूंचे प्रमाण यांची नोंद करायची. हा झाला आधारभूत दस्तऐवज. मग नळीतले जुने तेल काढून टाकून दहा, वीस, चाळीस टक्के अशी बायोडिझेलची मिश्रणे एकामागून एक त्याच क्रमाने तपासायची, प्रत्येक नोंद पुन्हा पुन्हा घ्यायची, आणि शेवटी पुन्हा डिझेलवर येऊन आधीचे आकडे जुळतात की नाही याची खातरजमा करायची. ते जुळले नाहीत तर बदल इंधनाने घडवला की इंजिनच मधल्या काळात बदलले, हे सांगण्यास कोणतेच साधन उरत नाही.

येथे एका सूक्ष्म पण निर्णायक गोष्टीकडे वाचकाचे लक्ष वेधले पाहिजे. जुन्या पद्धतीत तेलाचा खर्च काचेच्या नळीत मोजतात: वीस घन सेंटिमीटर तेल संपण्यास किती सेकंद लागले ते पाहायचे. वर सांगितलेले इंजिन पूर्ण भारावर आणि २८ टक्के कार्यक्षमतेने चालत असेल, तर एवढे डिझेल सुमारे ३८ सेकंदांत संपते. घड्याळ दाबणाऱ्या हाताकडून एका सेकंदाची चूक झाली, तर खर्चाचा आकडा अडीच टक्क्यांहून अधिक चुकतो. असे असता, अमुक मिश्रणाने कार्यक्षमता अर्ध्या टक्क्याने वाढली आणि तमुक मिश्रणाने पाव टक्क्याने घटली, असे विधान त्या मोजणीच्या बळावर करणे धाडसाचे ठरते. मोजणीइतकेच हवेकडेही लक्ष हवे. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेसहाशे मीटर उंचीवर आहे, तेव्हा येथली हवा मुंबईच्या हवेपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी विरळ आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की ती आणखी विरळ होते. जानेवारीत घेतलेली डिझेलची नोंद आणि मे महिन्यात घेतलेली करंजाची नोंद शेजारी शेजारी मांडून निकाल देणे म्हणूनच न्यायाचे नव्हे.

साक्षी काय सांगतात?

इतकी सावधगिरी बाळगून जगभर झालेल्या चाचण्यांचा मेळ घातला, तर काही गोष्टी निःसंशय दिसतात. बायोडिझेलच्या वजनात दहा-अकरा टक्के प्राणवायू अंगभूतच असतो. त्यामुळे ते अधिक पूर्णपणे जळते, मात्र त्याच कारणाने किलोमागे उष्णताही कमी देते. डिझेलच्या एका किलोतून सुमारे साडेबेचाळीस मेगाज्यूल मिळतात, बायोडिझेलच्या किलोतून सुमारे अडतीस. कार्यक्षमता जवळजवळ समान राहते असे धरले, तर तेवढ्याच कामासाठी शुद्ध बायोडिझेल वजनाने सुमारे बारा टक्के अधिक लागेल. पण ते डिझेलपेक्षा जड असल्याने लिटरच्या मापाने हा फरक साडेपाच टक्क्यांवर येतो, आणि वीस टक्क्यांच्या मिश्रणात तर तो एखाद्या टक्क्याएवढाच राहून चालकाच्या ध्यानातही येत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००२ साली अनेक चाचण्यांचे संकलन करून असे दाखवले की, वीस टक्के मिश्रणाने धुरातील कण व कार्बन मोनॉक्साइड प्रत्येकी सुमारे दहा टक्क्यांनी, आणि न जळलेले हायड्रोकार्बन सुमारे वीस टक्क्यांनी घटतात. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र सुमारे दोन टक्क्यांनी वाढतात.

या अखेरच्या मुद्द्यावर साक्षीदारांचे एकमत नाही, आणि तो मतभेद मोठा उद्बोधक आहे. खरगपूरच्या आयआयटीतील रहमान आणि फडतरे यांनी २००४ साली करंजाच्या बायोडिझेलवर केलेल्या चाचण्यांत ही ऑक्साइडे वाढण्याऐवजी कमी झालेली आढळली, आणि वीस व चाळीस टक्के ही मिश्रणे त्यांनी डिझेलला योग्य पर्याय म्हणून मान्य केली. मग खरे कोण? दोघेही खरे असू शकतात. अमेरिकेचे निष्कर्ष मुख्यतः सोयाबीनच्या तेलावरचे आणि ट्रकच्या मोठ्या इंजिनांवरचे. सोयाबीनच्या मेदाम्लांत दुहेरी बंध अधिक असतात, करंजात एकच दुहेरी बंध असलेले ओलेइक आम्ल प्रधान असते, आणि फवारा किती दाबाने व पिस्टनच्या कोणत्या स्थितीत सुटतो यावर ज्वालेचे तापमान, पर्यायाने या वायूंची निर्मिती, अवलंबून असते. परदेशातील निष्कर्ष जसाच्या तसा उचलून येथे लावता येत नाही. आपल्या झाडाचे तेल आपल्या इंजिनात, आपल्या हवेत तपासणे अपरिहार्य आहे, आणि येथल्या प्रयोगशाळांचे प्रयोजन नेमके तेच आहे.

परंतु काही तासांची चाचणी म्हणजे पॅरिसच्या प्रदर्शनाचीच पुनरावृत्ती. खरा कस लागतो तो दीर्घ चाचणीत. भारतीय मानक आयएस १०००० प्रमाणे इंजिन सोळा तासांची बत्तीस आवर्तने, म्हणजे एकूण ५१२ तास, ठरलेल्या भाराखाली चालवून मग पूर्ण उघडायचे. पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन खरवडून तोलायचा, रिंगा व लायनर किती झिजले ते मोजायचे, आणि वंगणाच्या तेलात लोखंड, तांबे, शिसे किती उतरले ते तपासायचे. दिल्लीच्या आयआयटीत अविनाश कुमार अगरवाल, जयश्री बिजवे आणि दास यांनी जवसाच्या तेलापासून केलेल्या बायोडिझेलच्या वीस टक्के मिश्रणावर अशी चाचणी घेतली, तेव्हा कार्बनाचा थर आणि भागांची झीज ही दोन्ही शुद्ध डिझेलपेक्षा कमी आढळली. गंधक जवळजवळ काढून टाकलेल्या आजच्या डिझेलची वंगणशक्ती घटलेली असते, आणि एस्टर ती भरून काढतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या निकालाचे नवल वाटणार नाही.

दोष नाहीत असे मात्र नाही. हे इंधन टाकीच्या तळाशी साठलेला जुना गाळ सोडवते आणि प्रारंभी फिल्टर वरचेवर तुंबतो. जुन्या रबरी नळ्या व वायसर त्याच्या सहवासात फुगतात. आणि हवेशी संबंध आल्यास ते हळूहळू आंबूस व चिकट होते. मानकात ११० अंशांवर हवा सोडून ते किती तास टिकते हे पाहण्याची कसोटी याचसाठी ठेवलेली आहे. मराठवाड्याच्या वैशाखात पत्र्याच्या पिंपात, पत्र्याच्याच छपराखाली, महिनोन्महिने ठेवलेले बायोडिझेल नांगरटीच्या वेळी कोणत्या अवस्थेत असेल, हा प्रश्न येथल्या संशोधकांनी इंजिनाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे.

इंजिनाचा होकार आणि बियांचा हिशेब

एवढी परीक्षा झाल्यावर इंजिनाचा जबाब स्पष्ट आहे: इंधन मानकाप्रमाणे असेल, मिश्रण वीस टक्क्यांच्या आत असेल आणि फिल्टरकडे लक्ष असेल, तर साध्या, जुन्या घडणीच्या इंजिनाची काही तक्रार नाही. २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या नाजूक इंजिनांची गोष्ट निराळी. त्यांच्या बाबतीत कारखानदाराने लेखी परवानगी दिलेल्या मर्यादेबाहेर जाऊ नये. मग अडते कोठे? अडते ते बियांपाशी. देशात वर्षाला सुमारे नऊ कोटी टन डिझेल खपते. २०१८ च्या धोरणाने आधीचे वीस टक्क्यांचे उद्दिष्ट सोडून २०३० पर्यंत पाच टक्के मिश्रण एवढेच ध्येय ठेवले. पण पाच टक्के म्हणजेही ४५ लाख टन बायोडिझेल, आणि ते करंजातूनच काढायचे झाले तर चारास एक या हिशेबाने एक कोटी ऐंशी लाख टन बिया. प्रत्येक झाडामागे सरासरी वीस किलो बिया धरल्या, तर फळती नव्वद कोटी झाडे हवीत. आजवर प्रत्यक्ष मिश्रण एका टक्क्यापर्यंतही का पोहोचले नाही, याचा उलगडा या साध्या गुणाकारात होतो.

तोच गुणाकार गावाच्या मापाने करून पाहिला, तर निराळे चित्र दिसते. एक ट्रॅक्टर वर्षाला पाचशे तास चालला आणि तासाला चार लिटर तेल प्याला, तर त्याला दोन हजार लिटर इंधन लागेल. त्यातील वीस टक्के म्हणजे चारशे लिटर बायोडिझेल, त्यासाठी सुमारे चौदाशे किलो बिया, म्हणजे सत्तर झाडे. बांधावर, ओढ्याकाठी आणि गायरानाच्या कडेने सत्तर करंज उभे करणे गावाच्या आवाक्यातले आहे. मराठवाड्याप्रमाणेच पूर्वी निजामाच्या राज्यात असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातील पॉवरगुडा या कोलाम वस्तीने हे काही अंशी करूनही दाखवले. तेथल्या स्त्रियांच्या बचतगटांनी करंज लावले, तेल गाळण्याची गिरणी चालवली, आणि दहा वर्षांत टळणाऱ्या १४७ टन कार्बन डायऑक्साइडच्या मोबदल्यात २००३ साली जागतिक बँकेकडून त्यांना ६४५ डॉलर मिळाले. रक्कम लहान होती, परंतु बिया, गिरणी आणि वापर एकाच परिसरात ठेवण्याची ती रीत मोठ्या योजनांपेक्षा शहाणपणाची होती.

शहरापुरता दुसरा साठा हाताशी आहे तो वापरलेल्या तळणाच्या तेलाचा. १ जुलै २०१८ पासून अन्नसुरक्षा नियमांनुसार ज्या तेलातील ध्रुवीय संयुगे पंचवीस टक्क्यांच्या वर गेली ते पुन्हा तळणास वापरता येत नाही. असे तेल गटारात किंवा गाड्यावरच्या कढईत पुन्हा जाण्याऐवजी बायोडिझेलच्या भट्टीत जावे, हे आरोग्य आणि इंधन या दोन्ही दृष्टींनी इष्ट होय. मात्र बायोडिझेलच्या नावाखाली भलतीच औद्योगिक तेले विकण्याचा धंदाही मध्यंतरी फोफावला होता, आणि त्याला आळा घालण्यासाठी महाराष्ट्र शासनाला २०२१ साली उत्पादन, साठवणूक व विक्रीविषयीचे स्वतंत्र धोरण आखावे लागले. म्हणून जो कोणी स्वस्त बायोडिझेलचे पिंप दाराशी आणून उभे करील त्याच्याकडे आयएस १५६०७ चा दाखला मागावा, तो नसेल तर पिंप परत पाठवावे, आणि इंजिन वाचले याबद्दल समाधान मानावे.

सारांश, करंजाचे तेल डिझेलची जागा सर्वस्वी घेईल ही आशा सोडून द्यावी. पण गावाच्या गरजेचा पाचवा हिस्सा गावच्याच झाडांवर भागू शकतो, एवढे मान्य करण्यास आता प्रत्यवाय नाही. येथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी एकाच इंजिनावर काही तासांच्या त्याच त्या चाचण्या करण्यापेक्षा करंजाच्या मिश्रणावर ५१२ तासांच्या चाचण्या आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यातील साठवणुकीच्या नोंदी हाती घेऊन त्यांचे निष्कर्ष शेतकऱ्याला समजतील अशा मराठीत प्रसिद्ध करावेत. आणि शासनाने पुढचे उद्दिष्ट जाहीर करण्यापूर्वी राज्यात फळणारे करंज किती आहेत, याची तालुकावार मोजणी करावी.